डोक्याला मार लागलेल्या पोराला 'बेशिस्त' म्हणून बाहेर काढायचं का?

अबोली

बेघर तरुणांच्या एका रात्रनिवाऱ्यात मी आठवड्यातून दोन संध्याकाळी मदतीला जाते. मागच्या महिन्यात तिथून एकोणीस वर्षांच्या मुलाला काढलं. आठला दार बंद होतं आणि हा तिसऱ्यांदा साडेनऊला उगवला. नियमांचा कागद पुढे धरला, त्यावर त्याचीच सही. त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "ही मी केली?" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

त्याची गादी आवरताना उशाखाली वही सापडली. पानापानावर एकच ओळ: 'आठच्या आत.' शेवटच्या पानावर आमच्यापर्यंत यायचा नकाशा, पण त्यात एक वळण चुकलेलं. म्हणजे वेळ पाठ होती, वाट नव्हती. मग विचारपूस केल्यावर कळलं की लहानपणी घरात त्याचं डोकं भिंतीवर आपटलं गेलं होतं आणि सोळाव्या वर्षी चालत्या गाडीतून पडून तो बराच वेळ बेशुद्ध होता. आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं. दारू पितोस का, हे मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

हा एकटा नाही. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ च्या शेवटी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात बेघर लोकांपैकी सुमारे ५३ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी मेंदूला इजा झालेली होती आणि सुमारे २२ टक्क्यांची इजा मध्यम किंवा गंभीर होती. टोरोंटोत ९०४ बेघर लोकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली आलेल्या अभ्यासातही प्रमाण ५३ टक्केच निघालं. त्यातल्या ७० टक्के लोकांची पहिली इजा घर सुटण्याआधीची होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला डोक्याच्या माराबद्दल विचारा आणि त्याप्रमाणे नियम वाकवा.

रोखठोक

ताई, वाईट वाटलं, पण पटलं नाही. दार आठला का बंद होतं? कारण आत आणखी तीस पोरं झोपतात आणि त्यांतली निम्मी बाहेरच्या कुणाच्या तरी भीतीने आत आलेली असतात. मी असा निवारा चार वर्षं सांभाळला आहे. एकासाठी दार उघडलं की दुसऱ्या दिवशी सहा जणांना 'विसरायला' होतं. आणि डोक्याला मार कुणाला लागलेला नाही? मी स्वतः झाडावरून पडलोय. (बायको म्हणते, परिणाम दिसतो.)

आकडेमोड

५३ टक्के हा आकडा जरा जपून वापरा. यातली बरीचशी माहिती लोकांनी आठवून सांगितलेली असते आणि ज्यांची स्मृतीच अधू आहे त्यांच्या आठवणीवर टक्केवारी उभी करणं अवघड. आकडा खरा याहून जास्त असेल किंवा कमीही असेल. शिवाय टोरोंटोचा अभ्यास प्रौढांचा होता, तुमचा मुद्दा तरुणांचा आहे. आणि 'आधी' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. मारहाणीच्या घरातून पोरं पळतात. मारही तिथलाच, पळणंही तिथूनच.

वॉर्डातली ताई

रोखठोक, झाडावरून पडून तुम्ही घरी गेलात. फरक तिथे पडतो.

पंधरा वर्षं मी या रुग्णांची शुश्रूषा केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कवटीचा तळ आतून खडबडीत असतो. डोकं झटक्याने थांबलं की मेंदूचा पुढचा भाग त्या हाडावर घासतो. 'थांब, आधी विचार कर' असं सांगणारा भाग तोच आणि तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणजे पंधराव्या वर्षीचा मार अर्ध्या बांधलेल्या घरावर पडतो. सौम्य इजेत सीटी स्कॅन बऱ्याचदा स्वच्छ येतो, कारण ताणले गेलेले बारीक तंतू त्यात दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल, पोरगा घरी. घर असेल तर.

मग दिसतं काय? सांगितलेलं राहत नाही. गोंगाटात डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, संध्याकाळपर्यंत मेंदू थकून जातो. क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो आणि पाच मिनिटांनी स्वतःलाच कळत नाही का भडकलो. चालताना तोल जातो, बोलताना जीभ अडखळते आणि दारावरचा माणूस म्हणतो, "पिऊन आलाय." मुलींच्या बाबतीत आणखी एक: गळा आवळला गेला असेल तर मेंदूचा प्राणवायू तुटतो. बाहेर टेंगूळ नाही, जखम नाही, त्यामुळे कुणी धरतच नाही.

धडपड्या

मी उलट बाजूने विरोध करतोय. बावीसाव्या वर्षी अपघात झाला, अकरा दिवसांचं मला काही आठवत नाही. बरा झालो, पण फाइलवर शब्द लागला तो लागलाच. पुढे मी रागावलो की तो 'मेंदूचा परिणाम', हट्ट केला तरी तेच. एका ठिकाणी कामावरून काढताना कारण बोलून दाखवलं नाही, पण फाइल टेबलावर उघडी होती.

या पोरांच्या नावापुढे आधीच काय कमी शिक्के आहेत? चुकीच्या हाती ही माहिती गेली तर 'याला खोली देऊ नका, डोकं ठिकाणावर नाही' असंच होणार. विचारूच नका. सगळ्यांनाच सोपं करा. नियम तोंडी नको, भिंतीवर मोठ्या अक्षरांत. एका वेळी एकच सूचना. झोपायच्या खोलीत मंद दिवा. ज्याला इजा नाही त्याचं यात काय बिघडतं?

रोखठोक

धडपड्याचं हे मला चालेल. विचारणं, नोंदणं, फायली, हे करायला माणसं कुठे आहेत? आणि विचारून पुढे काय, त्या पोराला पाठवणार कुठे? उपचार नसताना निदान करणं म्हणजे नुसती हळहळ. पण एक सांगा. माझ्याकडे एकाने दुसऱ्याचा दात पाडला होता. त्यालाही डोक्याचा मार होता, नंतर कळलं. दात पडलेल्या पोराला मी काय सांगायचं होतं?

अबोली

दाताचं उत्तर माझ्याकडे नाही. मारणाऱ्याला त्या रात्री वेगळं ठेवावंच लागेल, यात वाद नाही. मी फक्त उशीर, विसरणं, अपॉइंटमेंट चुकणं यांबद्दल बोलतेय. आमच्याकडे बाहेर काढलेल्यांत असेच जास्त आहेत, मारामारीवाले थोडे.

धडपड्या, शिक्क्याची भीती मान्य. पण सगळ्यांना सारखंच सोपं केलं तरी भिंतीवरची पाटी वाचून तो मुलगा वेळेवर आला नसता. वेळ त्याला माहीतच होती. त्याला वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं, आणि ते कळायला आधी विचारावं लागतं.

आणि मुळात 'आधी नियम पाळ, मग छप्पर' हा क्रमच उलटा करता येतो. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी तसं सुरू केलं: आधी घर, त्यासाठी व्यसन सोडायची किंवा उपचार घ्यायची अट नाही. २००९ पासून कॅनडाने पाच शहरांत त्याची रीतसर चाचणी घेतली. ज्यांना तसं घर मिळालं ते नेहमीच्या मदतीवरच्या लोकांपेक्षा जास्त काळ घरात टिकले.

वॉर्डातली ताई

विचारायचंच असेल तर 'मेंदूला इजा झाली होती का' असं विचारू नका. सगळे नाही म्हणतात. प्रसंग विचारा. कधी डोक्याला किंवा मानेला लागून दवाखान्यात गेलास? गाडीवरून, उंचावरून पडलास? मारामारीत डोक्यावर बसलं? कुणी जोरात गदागदा हलवलं? मग प्रत्येक प्रसंगाला: शुद्ध गेली होती का, किती वेळ? ओहायो स्टेट विद्यापीठाची मुलाखतीची पद्धत साधारण अशीच आहे. पाच-दहा मिनिटं लागतात आणि डॉक्टर लागत नाही. यातून निदान होत नाही, पण अंदाज येतो. आणि धडपड्या, ते फाइलीत लिहायचं की नाही हे त्या मुलालाच विचारावं.

धडपड्या

त्यालाच विचारणार असाल तर माझा विरोध निम्मा झाला. निम्माच.

अबोली

वही अजून माझ्याकडे आहे. ते वळण दुरुस्त करून, रस्त्यांची नावं घालून नकाशा नवा काढतेय. तो परत आला तर.

रोखठोक

नावं घालू नका. कोपऱ्यावर काय दिसतं ते काढा: पाण्याची टाकी, निळं दार, जे असेल ते. नावं वाचून त्याला वळता येत असतं तर वही लागली नसती. बाकी दार आठलाच.