मदत हवी आहे: स्विमिंग पूलशेजारी सावलीसाठी कोणतं झाड? मुळांची भीती वाटते

निळंपाणी
नमस्कार. घाईत लिहितेय. शनिवारी खड्डे घेणारा माणूस येतोय आणि झाड अजून ठरत नाही. पूलच्या बाजूला एक-दोन सावलीची झाडं लावायची आहेत. दुपारी तीननंतर काठावर पाय ठेवता येत नाही, मुलांचे तळवे भाजतात. अट एकच, मुळांनी पूलला आणि भिंतीला त्रास होता कामा नये. एकदा पोळलोय आम्ही. लवकर वाढणारं हवं. कृपया "ते अवलंबून आहे" असं सांगू नका, झाडाचं नाव सांगा.

माती_आणि_मी
नाव सांगतो, पण आधी हे लिहा: झाडाची जागा पूलपासून किती फुटांवर? पूल काँक्रीटचा की फायबरचा? भिंत घराची की कुंपणाची? माती चिकण की मुरमाड? आणि "पोळलोय" म्हणजे नेमकं काय झालं होतं?

बकुळफूल
डोळे मिटून बकुळ लावा. बारमाही हिरवी, घेर गोल, सावली दाट. माझी पायवाटेपासून सहा फुटांवर आहे. पंधरा वर्षांत एक फरशी हललेली नाही.

गच्चीवाला
बकुळ फार सावकाश वाढते हो, त्यांना लवकर सावली हवी आहे. शिवाय ती बारीक फुलं पाण्यात पडली की स्किमरची, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीची, जाळी रोज उपसावी लागेल. त्यापेक्षा शेडनेटचं कापड ताणून घ्या. चार खांब, एका दिवसात सावली.

बकुळफूल
त्यांनी झाड विचारलंय, कापड नाही.

तांबडंफूल
गुलमोहर का नको? चार-पाच वर्षांत छत्री तयार होते. आमचा बारा वर्षांचा आहे, काहीही झालेलं नाही.

कुंपण
गुलमोहर नको, कळकळीने सांगतोय. त्याची मुळं जमिनीलगत पसरतात आणि जाड होत जातात. माझ्या भिंतीच्या तळाशी आधी केसाएवढी भेग होती. चौथ्या वर्षी त्या भेगेत नाणं उभं राहायचं. शेवटी आठ फूट भिंत पाडून पुन्हा बांधली. फांद्याही ठिसूळ, वाऱ्यात मोडतात. खाली मुलं खेळणार असतील तर विचारसुद्धा करू नका.

तांबडंफूल
भिंतीचा पाया उथळ असणार तुमच्या.

कुंपण
पाया दोन फूट होता. आणि कुंपणाच्या भिंतीला याहून खोल पाया कोण घेतं? झाड भिंतीला बघून निवडायचं असतं.

पानगळ
अवांतर: सप्तपर्णी चुकूनही लावू नका. फुलोऱ्यात रात्री वास इतका उग्र येतो की आईचं डोकं धरतं, खिडक्या लावून बसतो आम्ही.

निळंपाणी
सप्तपर्णीचं कोणी नावही काढलं नव्हतं :( असो. माती_आणि_मी, जागा पूलच्या काठापासून सात फूट, पश्चिमेला. पूल काँक्रीटचा. त्याच्या पलीकडे विटांची कुंपणभिंत. मधला पट्टा एकूण अठरा फुटांचा. माती काळी, चिकण. आधी तिथे फायकस होता. त्याची मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरली म्हणून दोन वर्षांपूर्वी तोडला. खोड जमिनीत तसंच आहे, अधूनमधून पालवी फुटते ती खुडून टाकतो. आणि हो, पूलमध्ये रोज थोडं पाणी भरावं लागतं, पण ते उन्हाने आटतं.

माती_आणि_मी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! झाडापेक्षा शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत.

फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांचंच कुळ. पालवी फुटतेय म्हणजे मुळं जिवंत आहेत. मूळ धडधाकट काँक्रीट फोडून आत जात नाही. ओल मिळते तिथे ते फुटतं, भेग सापडली की शिरतं आणि मग जाड होऊन ती भेग रुंद करतं. पूल गळत असेल तर तुम्ही कोणतंही शहाणं झाड लावा, मुळं तिकडेच वळणार.

म्हणून आज हे करा. बादलीत पूलचंच पाणी भरा आणि ती पूलच्या पायरीवर ठेवा, बादलीचा काठ पाण्याच्या वर राहील अशी. बादलीतल्या पाण्याची आणि बाहेरून पूलच्या पाण्याची पातळी खडूने आखा. चोवीस तासांनी दोन्ही बघा. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ऊन. पूलमध्ये जास्त उतरलं तर गळती.

चाफा_चाफा
सात फुटांवर पांढरा चाफा बिनधास्त चालतो. मुळं मऊ, फार लांब जात नाहीत. पानं मोठी असल्यामुळे पाण्यातून उचलायला सोपी. चीक मात्र अंगाला लागू देऊ नका. फांदी तोडून सावलीत आठवडाभर सुकवली, मग लावली की जगते.

बकुळफूल
चाफ्याला सावली असते का?

माती_आणि_मी
विरळ असते, हे खरं. पण सावलीसाठी झाड काठालाच लागतं असं नाही. पश्चिमेला आहे हे फार चांगलं. सूर्य अर्ध्यावर उतरला की सावली झाडाच्या उंचीएवढी लांब पडते. वीस फुटांचं झाड पंधरा फुटांवर असलं तरी तिसऱ्या प्रहरी काठ झाकेल. तुमच्या पट्ट्यात मात्र पंधरा फूट म्हणजे भिंतीपासून तीनच फूट, आणि चिकण मातीतलं पाणी झाडाने शोषलं की ती आकसते, भिंतीला तडे जातात. मी असतो तर मधोमध, नऊ फुटांवर, एकच तामण किंवा बकुळ लावली असती. बहावा टाळा, ऐन उन्हाळ्यात पाकळ्या पाण्यात. पूलच्या बाजूने मुळं अडवायला एचडीपीईचा, म्हणजे टणक प्लास्टिकचा, जाड पत्रा अडीच-तीन फूट खोल उभा पुरा, वरची कड मातीच्या दोन इंच वर. झाडाभोवती गोल घालू नका, मुळं आतच गुंडाळत बसतात. रोप घेताना पिशवी फाडून बघा, तळाशी मुळं गोल फिरलेली असतील तर ते घेऊ नका.

गच्चीवाला
तोवर शेडनेट तरी लावा.

निळंपाणी
बादली ठेवली होती. बादलीत अर्धं बोट उतरलं, पूलमध्ये जवळपास दोन बोटं. आज पूलच्या पाण्याच्या पाइपाचा सांधा उकरून पाहिला. भोवती मुळांचा गुंता होता, फणीत गुंतवळ राहते तसा, आणि त्यात एक अंगठ्याएवढं जाड मूळ थेट खोडाकडे गेलेलं. शनिवारच्या माणसाला खड्डे घेऊ नका, आधी खोड काढायचं आहे असं कळवलंय. सांधा दुरुस्त झाला की पुन्हा बादली ठेवते. गच्चीवाला, शेडनेटच्या खांबांना पाया किती खोल लागतो?