मखरातल्या मशालीसाठी आवाज न करणारा छोटा पंखा – तातडीने मदत हवी आहे

चिकटपट्टी: मंडळी, बॅटरीवर चालणारा, अजिबात आवाज न करणारा छोटा पंखा कोणता घ्यावा? दोन आणून झाले, दोन्ही भुणभुणतात. परवा गणपती बसणार. लवकर सांगा.

जुनाखोडरबर: किती इंची? किती व्होल्ट? नक्की कशासाठी, बाप्पाला वारा घालायला?

चिकटपट्टी: मशाल करतोय हो. केशरी कापडाची ज्योत, खालून दिवा आणि पंखा. लग्नाच्या हॉलमध्ये असते तशी.

ठाणे_फास्ट: माझा गळ्यात अडकवायचा पंखा एकदम शांत आहे. लोकलमध्ये सुख!

जुनाखोडरबर: लोकलमध्ये तर जनरेटरही शांत वाटेल.

सोल्डरवाला: पंखे ४० मिलिमीटरचे आणलेत का? ते लहान असतात, वारा द्यायला गरगर फिरावं लागतं, म्हणून किंचाळतात. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटर, १२ व्होल्टचा घ्या आणि पॉवर बँकेच्या ५ व्होल्टवर लावा. काही पंखे ५ वर सुरूच होत नाहीत, दुकानातच लावून बघा. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली.

नाना_विद्युत: ५ व्होल्टवर पदर तरी हलेल का? १२ च द्या. मी चाळीस वर्षं हेच करतोय.

सोल्डरवाला: नाना, १२ वर आवाज येतो, प्रश्न तोच आहे. ज्योत केवढी आहे?

चिकटपट्टी: वीतभर. कापड सॅटिनचं.

रेवती_क: सॅटिन जड पडतं! जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा घ्या. आणि मखर थर्माकोलचं नाही ना? २०१८ पासून बंदी आहे.

ठाणे_फास्ट: बंदी कागदावर. बाजारात बघा जरा.

रेवती_क: म्हणून आपणही आणायचं?

(इथे थर्माकोलवरून अकरा प्रतिसाद झाले.)

चिकटपट्टी: मखर पुठ्ठ्याचं आहे!! ८० चा आणला, शिफॉन लावलं. ज्योत मस्त उभी राहते, पण घरघर आहेच. शिवाय पॉवर बँक अर्ध्या मिनिटात आपोआप बंद पडते.

सोल्डरवाला: पंख्याला खालून हवा कुठून मिळते?

चिकटपट्टी: खालून? डबा टेबलावर चिकटवलाय.

सोल्डरवाला: अहो, मग तो ओढणार काय, टेबल? डबा दोन बोटं उचला. स्क्रूने आवळू नका, कडेने स्पंज लावा. पुठ्ठा ढोलासारखा वाजतो. पॉवर बँक बंद पडते कारण पंखा फारच कमी करंट घेतो, तिला वाटतं मोबाइल चार्ज झाला. दिवाही तिच्यावरच टाका.

नाना_विद्युत: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा, कटकटच नाही.

जुनाखोडरबर: नाना, ती पहिली आरती संपेपर्यंत तरी टिकेल का?

चिकटपट्टी: डब्याखाली चार बाटल्यांची झाकणं ठेवली, घरघर गेली! दिव्यासकट पाऊण तास चालू आहे. आई म्हणते ज्योत सोंडेकडे वळतेय. पंखा फिरवून बसवतो.

ठाणे_फास्ट: उकड फाटते आहे, कोणी आहे का जागं?