पणजोबांचं काळं जपानी कपाट, सुतार म्हणतोय पॉलिश मारू, मारू का?

पेठेतली_मी: आमचा सदाशिव पेठेतला वाडा रिकामा करतोय, माळ्यावर एक छोटं कपाट निघालं, दीडेक फूट उंच, काळं कुळकुळीत, दारांवर सोनेरी डोंगर नि बगळे, आत सहा ड्रॉवर. पणजोबांनी मुंबईहून आणलं एवढंच माहितेय. शिंपल्याचे दोनचार तुकडे निघालेत, खिडकीकडच्या बाजूची चमक गेलीय. सुतार म्हणतो घासून मेलामाइन मारतो, नव्यासारखं होईल. करू का?

जुनाबाजार_रविवार: अहो थांबा!! सुताराला चहा पाजा आणि परत पाठवा. ते पॉलिश नाहीये, उरुशी आहे, झाडाचा चीक, पातळ थर द्यायचा, दमट हवेत घट्ट होऊ द्यायचा, घासायचा, परत थर, असं कितीदा तरी. नक्षी ओल्या चिकाने काढून वर सोन्याची पूड शिंपडतात, माकी-ए म्हणतात. पॉलिश पेपर फिरवला की बगळे गेलेच. पोर्तुगीजांसाठी सोळाव्या शतकाच्या शेवटापासून असल्या पेट्या बनायच्या, शिंपल्याने गच्च भरलेल्या, १६३९ ला त्यांना हाकललं मग डच नागासाकीच्या देजिमा बेटावरून माल न्यायचे. तुमचं एवढं जुनं वाटत नाही, मेइजी काळातलं (१८६८-१९१२) असावं, तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांसाठी भरपूर बनायचं, चांगलंही आणि घाईचंही.

बिब्बेवाला: ते झाड बिब्ब्याच्या कुळातलं बरं का, आंबाही त्यातलाच. ओला चीक लागला की बिब्बा उततो तसंच अंग उततं. वाळल्यावर काही होत नाही, घाबरू नका.

शंकेखोर: पण जपानीच कशावरून? युरोपात याची नक्कल व्हायची, जपानिंग म्हणायचे, त्यात शेलॅक म्हणजे आपल्याकडचीच किड्याची लाख वापरायचे. गंमत बघा, लाख आपली, नाव जपानचं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पक्की उरुशी नाही.

जुनाबाजार_रविवार: @शंकेखोर पॉइंट बरोबर, पण ताई कृपा करून स्पिरिट लावून बघू नका, लाख निघाली तर नक्षीसकट जाईल!! चमक उन्हाने गेलीय, आधी खिडकीपासून हलवा. पुण्याचा एप्रिल म्हणजे हवा कोरडी ठाक, लाकूड आकसतं नि वरचा थर तडकतो. निघालेले तुकडे पाकिटात ठेवा, फेविकॉल अजिबात नको. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, जिथे सुटलंय तिथे तेही नको. दुरुस्ती म्युझियमचं काम करणाऱ्या माणसाकडूनच.

पेठेतली_मी: बापरे, तो उद्या सकाळी येणार होता! आत्ताच फोन केला, जरा रुसला, मग त्याला देव्हारा दिला पॉलिशला. तुकडे सात मिळाले, एक बहुतेक केरात गेला 😞