चढाच्या अरुंद गल्लीत नवी इमारत: रहदारीचं काय? अनुभव लिहा

पायवाट (धागाकर्ती)
तळजईचा पायथा, सुतारवाडी, बावधन... पुण्यात चढावरच्या गल्ल्यांतून पुनर्विकास चाललाय. परवा अशाच एका चढावर पत्रे ठोकलेले दिसले आणि जुनं सगळं आठवलं. ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी नेमकं लिहा, गल्लीतल्या लोकांच्या उपयोगी पडेल.
माझ्याकडून पहिलं: चढ मोजा. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, १० मीटर अंतरावर दोन टोकं धरा. रस्त्यापासून पाण्यापर्यंतच्या उंचीत १ मीटर फरक आला की चढ १:१०, म्हणजे १० टक्के. घाटरस्त्यांनासुद्धा आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) अपवाद म्हणून ८ टक्क्यांपर्यंतच जाऊ देते. बैठकीत सगळे रुंदीवर भांडतात, चढाचा आकडा कुणाकडेच नसतो.

खडीवाला
रुंदी पण रात्री ९ नंतर मोजा, सगळ्या गाड्या घरी आल्यावर. ६ मीटरची गल्ली, दोन्ही बाजूंना गाड्या. प्रत्येकी २ मीटर धरा. राहिले २. काँक्रीटचा मिक्सर ट्रक अडीच मीटर रुंद. अग्निशमनची गाडी पण तेवढीच.

निळी छत्री
+१. कागदावर ९ मीटर असतो, जागेवर विजेचा खांब आणि डीपी (वीजवाटपाची पेटी) धरून ५ भरतो. २०२० मध्ये पुण्यात ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला तो टीडीआर (दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यातला जादा बांधकामाचा हक्क) वापरता यावा म्हणून. पण समोरचा बंगला मागे सरकेपर्यंत रस्ता आहे तेवढाच, आणि माणसं मात्र आजच दहापट येणार.

मिक्सर_साइट
सहा घनमीटरचा मिक्सर भरला की नुसतं काँक्रीट १५ टन. उभ्या चढाला ड्रमचं तोंड मागे खाली झुकतं आणि माल रस्त्यावर ओघळतो. म्हणून चार-साडेचारच भरायचा. फेऱ्या वाढतात म्हणून बिल्डर कुरकुरतो, ऐकू नका. त्याहून चांगलं म्हणजे लाइन पंप खाली सपाटीला उभा करून पाइप वर न्यायचा, मिक्सर चढावर येतच नाही. बूम पंप (लांब घडीच्या हाताचा, ट्रकवरचा) नको, त्याचे पाय पसरले की गल्ली बंद.
सांडलेली स्लरी तासाभरात धुवायला लावा. वाळली की खरवडावी लागते, तोवर दुचाक्या घसरतात. आणि ते पाणी गटारात सोडू देऊ नका, आत जाऊन घट्ट होतं.

दोन मांजरं
गटाराचं अगदी खरं हो दादा. आमच्याकडे अजून पाणी तुंबतंय 😔

खडीवाला
@दोन मांजरं ताई, चेंबर उघडून सब्बलीने फोडावं लागेल, जेटिंगने (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने) नाही निघणार.

घाटउतार
उतरणाऱ्यांसाठी. न्यूट्रल नाही, बंद इंजिन तर नाहीच. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड जाते. महामार्गावरच्या नवले पुलाच्या उतारावर जड गाड्यांचं हेच होतं. ताशी ४० किमी वेगाला आयआरसीच्या सूत्राने सपाटीवर थांबायला ४५ मीटर लागतात, १० टक्के उतारावर ५०. त्यात खडी सांडलेली असली तर हिशोबच नाही.
अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबायचं. नियमच आहे तो. चढणारा थांबला की भरल्या गाडीला परत उठणं अवघड.

पायवाट
@घाटउतार पार्किंगचं पण लिहा ना

घाटउतार
तोंड उताराला असेल तर पुढची चाकं फुटपाथकडे वळवून रिव्हर्स गिअर. तोंड चढाला असेल तर चाकं फुटपाथपासून बाहेर वळवून पहिला गिअर, गाडी मागे आली तर चाक कडेला अडतं. हँडब्रेक दोन्हीकडे. आणि लाकडी ठोकळा. दगड नको, लोक तो तिथेच टाकून जातात.

निळी छत्री
नवीन इमारतीचा नकाशा पाहायला मिळाला तर फाटक बघा. तळघराचा रॅम्प थेट रस्त्याला भिडत असेल तर हरकत घ्या. रॅम्प १:८ पेक्षा उभा नको आणि वर रस्त्याआधी एका गाडीएवढी सपाट जागा हवी, ६ मीटर तरी. नाहीतर ड्रायव्हरला बॉनेटपलीकडे आकाश दिसतं, शाळेतून येणारं पोर दिसत नाही. फाटक उंचवट्याच्या लगेच पलीकडे असेल तर गोल आरसा लावून भागत नाही, फाटकच हलवायला हवं.

सकाळचा चहा
स्पीडब्रेकर मागितला तर?

मिक्सर_साइट
भर उतारावर नको. दुचाकी पुढे झुकलेली असते, त्यात ब्रेक दाबला की पडते. वरच्या बाजूला पाणी आणि वाळू साठते ती वेगळीच. चढ सुरू होण्याआधी सपाटीला टाका. चढावर आडव्या खाचांचं काँक्रीट करून मागा.
आणि जड गाड्यांच्या वेळा बिल्डरकडून लेखी घ्या. शाळेची वेळ सोडून. खाली एक माणूस, वर एक माणूस, दोघांकडे शिट्टी. चाकं धुवायचा खड्डा फाटकाच्या आत.

दोन मांजरं
पाण्याच्या टँकरचं पण लिहून घ्या. अर्धा भरलेला जास्त धोक्याचा, पाणी हिंदकळतं.

सकाळचा चहा
नळी नाहीये माझ्याकडे. स्पिरिट लेव्हलने मोजता येईल?

पायवाट
येईल की. १ मीटरची सरळ पट्टी, एक टोक वर टेकवायचं, बुडबुडा मध्ये आणायचा, दुसऱ्या टोकाखाली किती फट राहते ते टेपने बघायचं. १० सेंमी म्हणजे १:१०. तीन-चार ठिकाणी घ्या, वळणाच्या आतल्या कडेला जास्त येतं.

सकाळचा चहा
चालेल, उद्या सकाळी सहाला घेते, गाड्या सुरू व्हायच्या आत.