मदत हवी आहे: रेप्लोगल कंपनीच्या जुन्या पृथ्वीगोलाचं वय

आजोबांचा बारा इंची पृथ्वीगोल माझ्याकडे आलाय. पॅसिफिकमधल्या गोल चौकटीत ‘रेप्लोगल, शिकागो’ असं छापलंय. साल कुठेच नाही.

ल्यूथर रेप्लोगल यांनी 1930 मध्ये शिकागोतल्या राहत्या घरीच पृथ्वीगोल बनवायला सुरुवात केली आणि 1959 मध्ये कंपनी मेरेडिथ या प्रकाशन कंपनीला विकली. माझा गोल विक्रीच्या आधीचा की नंतरचा, हेच कळत नाहीये.

नकाशावरून एवढं जमलं: इजिप्त आणि सीरियावर ‘युनायटेड अरब रिपब्लिक’ आहे, म्हणजे फेब्रुवारी 1958 नंतरचा. गिनी स्वतंत्र रंगात, म्हणजे ऑक्टोबर 1958 ही उलटला. काँगो मात्र अजून बेल्जियमचाच, म्हणून जून 1960 च्या आधीचा. गोव्यापुढे ‘पोर्तु.’ एवढंच बारीक अक्षर आहे, ते भिंगातून वाचताना गलबलून आलं.

मालक बदलल्यावर चौकटीतला मजकूर किंवा पायाचा साचा बदलला होता का? कुणाकडे त्याच काळातला गोल असेल तर कृपया चौकटीचा जवळून फोटो टाका. दक्षिण ध्रुवाजवळचा कागद सुटलाय. तो चिकटवण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.