मदत हवी आहे: सांगली ते दिल्ली विमानाने किती तास?

तासगावची: सांगलीहून दिल्ली विमानाने किती तास? अंतर किती? मोबाईलवर १६०० च्या वर दाखवतंय. लवकर सांगा, आज तिकीट काढायचंय.

कृष्णाकाठ: सांगलीत विमानतळ कुठाय ताई? कवलापूरच्या माळावर निवडणूक आली की विमान उतरतं, एरवी म्हशी. ते १६०० रस्त्याचं. सरळ रेषेत १३०० च्या थोडं वर. पुण्याहून जाणार की कोल्हापुरातून?

तासगावची: विमानतळ नाही हे मलाही माहितीय. विमानात बसल्यावर किती वेळ, एवढंच विचारलंय. पुणे धरा.

हिशेबनीस: पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किमी, वेग ताशी ८००. दीड तासाच्या आत.

गलाईवाला विटेकर: हिशेबनीस, विमान काय गोफणीतून सोडताय? धावपट्टीपर्यंत रांग, वर चढणं, दिल्लीवर घिरट्या, हे कोण मोजणार? तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास छापलेलं असतं. आमची सोनं-चांदी गाळायची भट्टी दिल्लीत आहे, वर्षाला चार फेऱ्या होतात.

निवृत्त टीसी: विमान हवंच कशाला? मिरजेहून गोवा एक्स्प्रेस, साधारण दीड दिवसात दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन. भाकरी-ठेचा बांधून घ्या.

हिशेबनीस: मी उडण्याचा वेळ सांगितला, रांगेचा नव्हे.

घाटमाथा सातारा: खरा प्रवास पेठ नाक्याच्या पुढे आहे. सांगली-पुणे २३५ किमी, पण सहापदरीकरणामुळे कराडच्या अलीकडे-पलीकडे कुठे अडकाल सांगता येत नाही. खंबाटकीत ट्रक बंद पडला तर संपलंच. घर ते लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, साडेसहा तास धरा, वर दीड-दोन तास आधी पोचायचं. कोण कोण जाताय? कधी?

तासगावची: मी आणि आई. भाचीचा साखरपुडा. २८ डिसेंबर, सकाळी १० ला. त्याच दिवशी पहाटेचं विमान घेतलं तर जमेल ना?

गलाईवाला विटेकर: अहो, हे आधी सांगायचं! डिसेंबर अखेर म्हणजे दिल्लीचं धुकं. पहाटेची विमानं तासन्‌तास रखडतात, कधी दुसऱ्याच शहरात उतरवतात. २७ ला दुपारच्या विमानाने जा. आणि तिकिटावर हिंडन लिहिलंय का बघा, तो गाझियाबादचा वेगळा विमानतळ आहे.

निवृत्त टीसी: गाडी धुक्यात निदान जमिनीवर तरी असते.

घाटमाथा सातारा: काका, तीही रखडतेच की.

कृष्णाकाठ: आईंना चालता येतं का?

तासगावची: गुडघे दुखतात. फार नाही.

कृष्णाकाठ: तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, पैसे लागत नाहीत. वजन सहसा १५ किलो, हातात ७.

तासगावची: १५ च? बेदाणाच १२ किलो आहे. दोन साड्यांचे बॉक्स वेगळे.

हिशेबनीस: दोघींचे मिळून ३०. बसेल.

निवृत्त टीसी: रेल्वेत कुणी वजन केलं नसतं.

तासगावची: २७ चं दुपारचं काढलं. आई म्हणते मुक्काम नको, पाहुण्यांना त्रास. बघू.

कृष्णाकाठ: बेदाणा हिरवा की पिवळा? यंदा काय भावाने घेतला?

तासगावची: घरचाच आहे.

कृष्णाकाठ: मग पाच किलो सांगलीतच ठेवा की, वजनही कमी होईल.