द्राक्षाच्या खोक्यावरचं इंग्रजी

मॅडम, आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर वर्कशीटच्या पीडीएफचा नुसता ढीग साठतो आणि वर्गात काहीच उतरत नाही, हे तुमचं म्हणणं पटलं. पण प्रत्येक वर्कशीटसोबत दोन ओळी तरी हव्यात ना: कितवीला दिलं, पोरं कुठे अडली.

माझ्याकडून इंग्रजीचा एक उपक्रम घ्या. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात निर्यातीची रिकामी खोकी सहज मिळतात. त्यावर वाण, निव्वळ वजन, देश, सगळं इंग्रजीत छापलेलं. सातवीला जोड्या करून द्या. एक गिऱ्हाईक, एक बागाईतदार. 'हाऊ मच' की 'हाऊ मेनी', हा घोळ तिथे बराचसा सुटतो, कारण द्राक्षं तोलायची असतात आणि खोकी मोजायची. व्याकरणाचा तक्ता मागाहून काढा. (बागाईतदार व्हायला सगळेच तयार, गिऱ्हाईक कुणी होत नाही!) पेठ-सुरगाण्यात खोकी नसतील तर बिस्किटाचा पुडा चालेल.

गोष्टींसाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा. २०१५ पासून आहे, मराठी-इंग्रजी दोन्हींत. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असल्याने श्रेय देऊन छापता येतं, भाषांतरही करता येतं. गाईडांची स्कॅन केलेली पानं मात्र फिरवू नका, त्यांचे हक्क प्रकाशकाकडे असतात.

खोक्यावरचे संवाद माझ्याकडे लिहिलेले आहेत, हवे असतील तर टाकते.